अनुसयाबाईंनी विहिणीला आत बसवलं

हुडकेश्वरच्या त्या मुलांच्या दवाखान्यात डॉक्टर हिमानी मॅडम असल्या, तरी राज्य अनुसयाबाईंचं. उमरेडला सासरचे माग बंद पडले तेव्हा नवऱ्यासोबत नागपूरला आल्या आणि मॅडमच्या काउंटरवर बसल्या, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. दारातून येणाऱ्या प्रत्येक लेकरावर आधी त्यांची नजर पडायची. ताप आणि पुरळ दोन्ही दिसलं, की त्या लेकराला हॉलमध्ये पाय टाकू द्यायचा नाही. आईसकट मागच्या गल्लीतून टिनाच्या शेडमध्ये बसवायचं, तोंडाला मास्क द्यायचे, मॅडम तिकडेच जाऊन तपासणार. एकदा एका नगरसेवकाच्या भाच्यालाही त्यांनी शेडमध्ये बसवलं. त्याची आई भांडायला उठली तर म्हणाल्या, "ताई, इथं मामाची वळख चालत नाही." हा किस्सा त्या भेटेल त्याला ऐकवत, आणि दर वेळी तो थोडा लांबत जाई.

परक्याच्या बाबतीत नियम पाळायला काय लागतं? माणसाची खरी परीक्षा सोयरे दारात आले की होते.

मार्चमधल्या एका सोमवारी जिजाबाई आल्या. या जिजाबाई म्हणजे अनुसयाबाईंच्या लेकीची, प्रणालीची सासू. कडेवर थोरल्या मुलाचा साहिल, चार वर्षांचा. डोळे लाल, नाक वाहतंय, कानामागचं पुरळ गालावर उतरलेलं. गोवर ओळखायला अनुसयाबाईंना मॅडमची गरज नव्हती.

"विहीणबाई, जरा मांगून येता का जी? शेडमधी बसाले जागा आहे."

जिजाबाईंनी आधी पंख्याखालच्या खुर्च्या पाहिल्या, मग अनुसयाबाईंना पाहिलं. "काहून जी? आमी मांगच्या दारानं येणाऱ्यातले आहो का?"

झालं. प्रणालीच्या लग्नात गर्दीच्या गडबडीत या बाईंना दुसऱ्या पंगतीला बसावं लागलं होतं. त्या एका पंगतीवरून पोरीला पुढची दोन वर्षं टोमणे खावे लागले. आता कुठे सासू-सुनेचं जरा सूत जुळलं होतं. अनुसयाबाईंच्या डोळ्यांपुढे लेकीचा चेहरा आला आणि एकोणीस वर्षांचा नियम त्यांनी चुलीत घातला. "तसं नाही जी. बसा ना, इथं पंख्याखाली बसा," असं म्हणून वर पाण्याचा गिलासही दिला.

शेजारच्या खुर्चीवर कामिनी बसली होती. तिच्या मांडीवर गुंजन, साडेआठ महिन्यांची. गुंजनचं काही दुखत नव्हतं. वजन करायला आणली होती, आणि वजन अनुसयाबाईच करत. त्यासाठी ना नंबर लागे, ना कुठे नाव लिहावं लागे. गोवराची लस नऊ महिने भरल्यावर, म्हणजे आणखी पंधरा दिवसांनी. गुंजनने साहिलच्या शर्टाची बाही धरून ओढली, साहिल शिंकला, जिजाबाई कौतुकाने हसल्या. अनुसयाबाईंनी हे सगळं काउंटरवरून पाहिलं. लगबगीने उठून त्यांनी गुंजनचं वजन केलं, "जाय वं बाई घरी, ऊन चढून राहिलं," म्हणून कामिनीला वाटेला लावलं आणि आपण मोठी हुशारी केली असं त्यांना वाटलं.

साहिलला पाहताच मॅडम बाहेर आल्या. "हा मुलगा हॉलमधून आला? किती वेळ होता? लहान बाळ होतं का कोणी जवळ? खरं सांगा, अनुसयाबाई. नऊ महिने भरले नसले तरी तीन दिवसांच्या आत त्या बाळाला लस दिली, तर अजून आजार टळू शकतो."

जिजाबाई शेजारीच उभ्या होत्या. खरं बोलावं तर नियम मोडल्याचं कबूल करावं लागणार, तेही विहिणीसमोर. अनुसयाबाई म्हणाल्या, "आत्ताच तं आले जी. हॉल खालीच होता." जिजाबाईंनीही मान डोलावली; त्यांनाही मागच्या दाराचा विषय पुन्हा नकोच होता.

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. सकाळी फोन करू, असं ठरवलं. सकाळी वाटलं, गोवर काय सगळ्यांनाच थोडा होतो? बुधवारी तर त्यांनी कामिनीचा नंबर काढूनही ठेवला होता. लाज फार वाईट असते. एकदा खोटं बोललेल्या माणसाला ती खरं बोलू देत नाही.

रविवारी कामिनी कळमेश्वरला नात्यातल्या लग्नाला गेली. त्यानंतर चार दिवसांनी गुंजन तापली, मग पुरळ आलं, मग छाती भरली. मोठ्या दवाखान्यात नऊ दिवस होती. दहाव्या दिवशी गेली.

बातमी दवाखान्यात आली तेव्हा अनुसयाबाई काउंटरवर बसून होत्या. त्या रडल्या, पण बाकीच्या बायांसोबत, त्यांच्यासारखंच रडल्या. पुढे कानावर यायला लागलं की कामिनीची सासू उठता-बसता तिला बोलते, "तुले कोनं सांगतलं होतं वं लेकरू लगनात न्यायाले?" नवराही धड बोलत नाही. हे ऐकूनही अनुसयाबाई मूग गिळून बसल्या. तीन महिने.

जूनमध्ये एकदा भाजीच्या गाड्यापाशी कामिनी दिसली. अंगात काही उरलं नव्हतं. अनुसयाबाई भाजी न घेताच परतल्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या घरी गेल्या. अर्धं सांगायचं, असं ठरवूनच गेल्या होत्या.

सासू समोरच बसली होती. अनुसयाबाईंनी सांगितलं: गोवर लग्नातून आला नाही, दवाखान्यातून आला. माह्या विहिणीच्या नातवाचा होता. त्याले बाहेर बसवाचं होतं, मी आत बसवलं. सासूने मान खाली घातली.

"म्हंजे माह्यामुळं नाही झालं?" कामिनीने विचारलं.

"नाही वं बाई. तुहा काहीच दोष नाही."

कामिनीने पदराने तोंड पुसलं. मग सरळ अनुसयाबाईंकडे पाहिलं. "मावशी, तवाच मालूम पडलं असतं तं काही करता आलं असतं का?"

अर्धं सांगायला आलेल्या अनुसयाबाईंना आता पळायला जागा नव्हती. आणि खरं सांगायचं तर पळावंसंही वाटलं नाही. "करता आलं असतं," त्या म्हणाल्या. "तीन दिवसांत लस देली असती तं वाचली असती कदाचित. मॅडमनं मले विचारलं होतं. मी सांगतलं, कोणीच नव्हतं."

कामिनी ओरडली नाही, तिने शिव्याही दिल्या नाहीत. फक्त बोटांवर मोजावं तसं हळूहळू म्हणाली, "सोमवार, मंगळवार, बुधवार. मी घरीच होती, मावशी. फोन बी चालू होता माहा."