हुप्पवाली

मला भावात हरवणारा माणूस इंदूरच्या कापडबाजारात अजून जन्मायचा आहे, असं मी छातीठोकपणे सांगत असे. मग माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली. हातगाडीवर कटपीस विकता विकता मल्हारगंजात स्वतःचं दुकान उभं केलेला मी. पण त्या पावणेदोन वर्षांच्या पुतणीपुढे माझी काही मात्रा चालत नसे. जलेबी दाखवून पापा मागितला, तर ती जलेबी खायची, बोटं माझ्याच सदऱ्याला पुसायची आणि "नई" म्हणून चालू लागायची. दुसरी दाखवली, तर तीही खायची. समोरच्याला कशाची तरी गरज असली, तर सौदा होतो. तिला कशाचीच नसे.

थंडीतलं ऊन ही तर तिची खाजगी मालमत्ता होती. रविवारी सकाळी घराजवळच्या मैदानात आम्ही सगळे सतरंजी टाकून बसायचो. ती आधी बूट काढून माझ्या बायकोच्या मांडीवर ठेवायची आणि मग एकेकाला जागा नेमून द्यायची. "इथे!" म्हणाली की बसायचं. एकदा शेजारचे शेठजी सावलीत खुर्ची टाकून पेपर वाचत होते. हिने पेपर ओढत ओढत त्यांना भर उन्हात आणलं. "अरे भिया, ये तो हमारी भी अम्मा निकली!" म्हणत बिचारे घाम पुसत बसून राहिले. माझ्या खिशात ती मूठमूठ माती भरायची आणि वरून थोपटायची. सोमवारी गिऱ्हाइकासमोर पेन काढावं, तर पांढऱ्या गादीवर मैदान.

या सुखात एकच खडा होता. तिच्या बापाशी माझं बोलणं बंद होतं. त्याची मिल बंद पडली, तेव्हा मी म्हटलं, उद्यापासून माझ्या दुकानात बस. तो चार पाहुण्यांदेखत "नको" म्हणाला. कारणसुद्धा सांगितलं नाही! ज्या मला कधी कुणी काही आयतं दिलं नाही, त्या मी जन्मात एकदा आपणहून काही देऊ केलं, तर ही किंमत. तेव्हापासून आम्ही एकाच सतरंजीच्या दोन टोकांना, पाठीला पाठ लावून ऊन खात होतो.

एका शनिवारी जेवताना बायको म्हणाली, "भावजींना सुरतेला लूमवर काम मिळालंय. सगळेच जाताहेत." माझा घास हातातच राहिला. सगळेच म्हणजे पुतणीही.

आणि पुतणीचा सगळ्यात मोठा षोक म्हणजे हुप्प. दोघांनी तिचा एकेक हात धरायचा आणि चालता चालता तिला उचलून झुलवायचं. तिची आई नि माझी बायको ही जोडी तिने आधीच नापास केली होती. उंचीत फरक पडायचा. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मैदानात तिने एका हाताने बापाला उठवलं, दुसऱ्याने मला. त्याने आधी उचललं, मी नंतर. ती तिरकी झाली आणि किंचाळली.

"तुझ्या काकाला सांग, तीनला उचलायचं," भाऊ तिला म्हणाला.

"तुझ्या बापाला सांग, तीन कोण म्हणणार ते आधी ठरव."

"दोघंही म्हणा की!" सतरंजीवरून बायको ओरडली. "पूरा मोहल्ला पाहतोय!"

म्हटलं. एक, दोन, तीन. ती वर गेली, खिदळली. आणि ती खाली येताना माझ्या तोंडून थेट निघून गेलं, "जाऊ नकोस ना रे."

तो चालतच राहिला. "दादा, मला कापड विणता येतं, विकता येत नाही. गादीवर बसून तुझी गिऱ्हाइकं घालवली असती मी."

"हे तेव्हा सांगायचं ना, गाढवा!"

"तू ऐकून घेणारा आहेस?"

यावर दोन-तीन सणसणीत उत्तरं तयार होती. पण तिने दोन्ही हात ताणले, आणि उत्तरं राहिली.

"बरं, आधी तू एकटा जा," मी म्हटलं. "बस्तान बसलं की यांना ने. दिवाळीपर्यंत राहू देत इथे."

"होळीपर्यंत."

"दसरा."

"होळी, दादा. मला तरी तिच्याशिवाय करमेल का?"

सगळा अनुभव पणाला लावून मी त्याला रंगपंचमीपर्यंत आणलं. पाच दिवस वाढवून मिळाले. बाजारात कुणाला सांगितलं असतं, तर लोक हसले असते.

ऊन डोक्यावर आलं. बायकोने सतरंजी झटकली. पुतणीही दमून माझ्या पायाला टेकली होती.

"अजून एकदा," मीच म्हटलं. भावाने तिचा दुसरा हात धरला.