आत्याबाईंच्या हातरुणाखाली

शांताच्या जांघंत माझ्या बोटाला गाठ लागली, सुपारीएवढी. दहा म्हैन्यांची माझी पोर, अंग तव्यावानी तापलेलं, रडायचीबी न्हाई, नुसती कन्हायची. पल्याडच्या कोपऱ्यात माझ्या सासूबाई, आमी त्यास्नी आत्याबाई म्हनायचो, दोन दिसांपास्नं तापात बडबडत व्हत्या. झोपडीच्या दारातनं सकाळचं ऊन आत आलं व्हतं, घरधनी ओढ्यावर पान्याला गेलं व्हतं, आन् म्या त्यास्नी हाक मारली न्हाई. कारन ही गाठ कुठनं आली ते त्या माळावर एकल्या मला ठावं व्हतं. आत्याबाईंच्या हातरुणाखाली, पेंढ्यात, म्याच एक गोधडी दडवून ठिवली व्हती.

बायांनो, पैल्यापास्नं सांगते. मला नीट सांगता येत न्हाई, दोन बुकं शिकले तवर लगीन झालं, पर जे झालं तेच सांगते. गुंजवण्याला आमची तीनच घरं किरिस्तावांची. भाताची झोडणी उरकली आन् त्याच सुमाराला आमच्याच घरात पैला उंदीर पडला. चुलीम्होरं गरगर फिरला आन् मेला. पिलेग आला म्हंताना सारा गाव उठून वरच्या माळावर झोपड्या घालून राह्यला. संस्थानचा हुकूम व्हता, पाटलांनी दवंडी दिली, की ज्या घरात उंदीर पडला तितली चिंधीसुदिक बाहेर काढायची न्हाई. जो कापूड आनंल त्याला पोराबाळांसकट माळावरनं हाकलू. आमच्या घराला बाहेरनं कडी घातली आन् मी अंगावरच्या लुगड्यानिशी बाहेर पडले.

थंडी लई व्हती. राजगडाकडनं वारं सुटलं की कारवीच्या कुडातनं सुया टोचल्यावानी आत यायचं. पदरात गुंडाळून, छातीशी धरून निजवलं तरी शांताचं व्हट निळं पडायचं. आमचे मिशनचे मास्तर वेल्ह्यास्नं चालत यायचे, प्रार्थना करायला. त्यास्नी सांगितलं तर म्हनाले, "देवापाशी माग बाई. आन् हुकूम मोडू नको. तो देतो." म्या मागितलं. दोन राती मागितलं. पर खरं सांगू का, मागताना मला वाटायचं, ह्या माळावर देव कुठनं पांघरून आननार? तोंडानं मागत व्हते आन् मन आमच्या घरातल्या वलणीवर व्हतं. तितं माझ्या आईनं शिवलेली गोधडी व्हती, तिच्या जुन्या लुगड्यांची. आई गेल्यावर माझ्यापाशी तिचं तेवढंच राह्यलेलं.

तिसऱ्या दिशी दुपारी बापय मानसं लाकडाला गेली तशी मी खाली उतरले. कडी काढली. आत वास सुटला व्हता. कोनाड्याखाली आनखी दोन उंदीर पडलेलं. मी तिकडं बघितलं न्हाई, गोधडी वडली आन् पळाले. त्या राती माझी पोर पोटभर निजली. तोंडावर ऊब आली तिच्या. फटफटायच्या आत म्या ती गोधडी आत्याबाईंच्या हातरुणाखालच्या पेंढ्यात सारली, कारन म्हातारीचं हातरुण कोन हालवनार?

आन् चवथ्या दिशी, ऐका, चवथ्याच दिशी सकाळी धनगरीन आली. आमच्या खाचरात तिची मेंढरं खताला बसवलेली, ती दाणं मागायला वर आली. पदरातलं पोर बघून म्हनाली, "आगं बये, माझी मेंढरंबी हिच्यापरीस बरी, त्यास्नी लोकर तरी हाय." आन् खांद्यावरचं लहानगं घोंगडं काढून माझ्या अंगावर टाकलं. मी ते हातात धरून हुबीच राह्यले. आत्याबाई म्हनाल्या, "तोंडात काय मुगाची डाळ शिजती? तिला काय तरी बोल." एक रात मला दम निघाला न्हाई. एकच रात.

तवाच सांगायचं व्हतं. न्हाई सांगितलं. हाकलतील ह्या भ्यानं गप बसले.

शनवारी आत्याबाईंना हीव भरलं. रईवारी मास्तरांनी शास्तरातली गोष्ट सांगितली. देवानं आपल्या लोकांस्नी बजावलेलं, पडलेल्या शेहरातलं काय बी घिऊ नगा. पर एकानं चांगला झगा बघितला, सोनंरुपं बघितलं, आन् तंबूत जमिनीखाली पुरलं. त्यापायी समदी लढाईत मार खाऊन आली, लोकं मेली. मग चिठ्ठ्या टाकल्या, घराणं निघालं, घर निघालं, शेवटाला तो मानूस निघाला. त्याला धोंड्यांनी मारला आन् जाळला, त्याच्या पोरीबाळींसकट. त्याचं नाव माझ्या जिभंवर अजून येत न्हाई. मी तितं बसून मांडीवरल्या शांताकडं बघत व्हते. पोरींनाबी सोडलं न्हाई, एवढंच कानात घुमत व्हतं.

आन् सोमवारी ही गाठ.

आता बोलले तर धोंडं, न्हाई बोलले तर पोर जातीया, आन् उद्या शेजारची जाईल. बोलूनबी पोरीवर आन् न बोलूनबी पोरीवर. मी देवाला म्हनलं, मला जाळ, हिला ठिव. मग वाटलं, देवाशी घासाघीस कराया ह्यो काय मेंढरांचा बाजार हाय? तुला वाटंल ते कर, मी लपवनार न्हाई. एवढं म्हनले आन् पोरीला घिऊन बाहेर गेले आन् समद्या झोपड्यांच्या मधी हुबं राहून वरडून सांगितलं.

पाटील धावून आले. "हाकला ह्यास्नी! गाव खाल्ला हिनं!" घरधनी पान्याची घागर घिऊन तितंच बसले, माझ्याकडं वर बघंनात. बायांनी पोरं मागं वडली. मास्तर राती मुक्कामाला राह्यलेले, ते पुढं आले तसं मला वाटलं आता पैला धोंडा ह्यांचाच. तेवढ्यात धनगरीन आली, हातात मेंढरांची काठी. "आदी ती जाळा, मग भांडा," म्हनाली. आन् आत जाऊन काठीच्या टोकानं गोधडी वडून आनली. माझ्या आईची लुगडी जळताना म्या बघितली.

पिलेग दुसऱ्या गावाला जाईल म्हनून पाटलांनी हाकललं न्हाई, आमाला माळाच्या टोकाला येगळी झोपडी दिली. धनगरीन आमच्यासंगं राह्यली. तिच्या गळ्याखाली जुना वण व्हता. "मला येऊन गेलीया गाठ," म्हनाली, "मेले न्हाई, आता कशाची मरते?" भाजल्या कांद्याचं पोटीस ती पोरीच्या गाठीला बांधायची, आत्याबाईंच्याबी. तिला ना मिशन ठावं, ना शास्तर. तिला कोन बोलवायला गेलं न्हवतं.

आत्याबाई बुधवारी गेल्या. त्याआदी शुद्धीवर आल्या तवा म्या त्यांचं पाय धरलं. त्या म्हनाल्या, "सटवे, मला काय ठावं न्हवतं? पाठीला त्या गोधडीचा टाका टाका लागत व्हता."

"मग बोलला का न्हाईसा?"

"ऊब लागत व्हती गं," म्हनाल्या. आन् हासल्या जराशा. पुन्हा बोलल्या न्हाईत.

शांताची गाठ शुक्कारी फुटली. रईवारी तिनं दूध वडलं. मेंढरं हालली तशी धनगरीन कोकनच्या वाटंला लागली, मागारी कदी दिसली न्हाई.

मास्तरांना म्या इचारलं, माझा न्याव झाला का ऱ्हायलाय? ते म्हनाले, "झगा पुरनाऱ्या त्या मानसानं चिठ्ठी निघाल्यावर कबूल केलं. तू आपल्या पायांनी आलीस. पर झाकलेलं फुकट जात न्हाई, बाई." मला त्यातलं सगळं कळत न्हाई. एवढं कळतं की घोंगडं वाटंला लागलं व्हतं आन् मला धीर न्हवता. आता काय बी मागितलं की हात मोकळं ठिवून बसते, भ्या वाटलं तरी बसते. पोर ठिवली म्हनून रोज देवाचं उपकार मानते, आन् आत्याबाईंची जागा सारवताना रोज रडते.

घोंगडं अजून हाय. शांता त्यातच निजती. बायांनो, तुमी मला बोल लावा, म्या ऐकून घीन. पर त्या तिसऱ्या दिशी घोंगडं येनार हाय हे कुनाला ठावं न्हवतं, आन् मांडीवर पोरीचं व्हट निळं पडत व्हतं. तुमी काय केलं असतं?