समुद्राकडे नेम धरणारी इंडिया टीम

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. हरत राहिलं की आपोआप साठतात! जिंकणाऱ्याकडे सांगायला एकच गोष्ट असते, की आम्ही जिंकलो. आमच्याकडे पोतंभर आहेत. कारण आमची टीम, म्हणजे भारताची पासष्टीवरच्यांची बास्केटबॉल टीम, परदेशात एकही मॅच जिंकली नव्हती. टीम देशाची खरी, पण या वयात पळू शकणारी माणसं बहुतेक वसईतच सापडली. त्यामुळे निम्म्याहून जास्त खेळाडू आमच्या पाचूबंदरजवळच्या मैदानावरचे.

मी त्यात कसा, हा प्रश्न मलाही पडतो. मी पदार्थविज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक, डॉक्टरेटवाला. पण निघताना घराला कुलूप लावलं होतं की नाही, हे मला अजून एकदाही खात्रीने सांगता आलेलं नाही. टीममध्ये माझी कायमची जागा म्हणजे बाकडं.

कॅप्टन बस्त्याव. पाचूबंदरचा, जन्म बोटीवर गेलेला, दारातून वाकून आत येणारा माणूस. त्याचे दोन्ही गुडघे कामातून गेलेत. डॉक्टर म्हणतात बदला, बायको म्हणते बदला. बस्त्यावचं उत्तर ठरलेलं.

"इंडियानं एक मॅच जिंकल्याबिगर मी गुडघ्याला सुरी लावू देनार नाय!"

*

पहिल्या दौऱ्याला विमानतळावर एका तरुण अधिकाऱ्याने आमच्या निळ्या जर्सी बघितल्या.

"इंडिया टीम? अरे वा! खेळाडू कुठे आहेत?"

"आम्हीच," बस्त्याव म्हणाला.

"नाही काका, तुम्ही कोच. खेळाडू, खेळाडू?"

बस्त्यावने माझ्याकडे बोट केलं. "कोच वाटतात ते हे सर. ते पन खेळाडूच हायेत. आमाला पन पटत नाय!"

*

पहिली मॅच बंद हॉलमध्ये होती. गुळगुळीत लाकडी फरशी, एसी, चकाचक. पहिल्या हाफमध्ये आमचा प्रत्येक शॉट रिंगच्या डावीकडून गेला. प्रत्येक! हाफटाइमनंतर बाजू बदलल्या, आणि आमचा प्रत्येक शॉट उजवीकडून जायला लागला.

"वारा फिरला काय सर?" बस्त्यावने मला विचारलं.

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. आमचं मैदान उघडं. एक रिंग उत्तरेला, एक दक्षिणेला, आणि संध्याकाळचा वारा पश्चिमेकडून, समुद्रावरून. लहानपणापासून आम्ही नेम धरतो तो रिंगपेक्षा जरा समुद्राकडे. वारा बॉल आणून सोडतो! इथे वाराच नव्हता, पण हात वसईचेच होते.

मॅच संपल्यावर समोरचा कॅप्टन कौतुकाने म्हणाला, "इतक्या शिस्तीत चुकणारी टीम मी पाहिली नाही."

*

दुसरी सवय त्याहून वाईट. फ्री थ्रो घेण्याआधी आमचा माणूस वर बघतो. मैदानाच्या कडेला माड आहेत, त्यांच्या झावळ्या किती हलतात त्यावरून वारा कळतो. परदेशातल्या हॉलमध्येही आमचा माणूस रेषेवर उभा राहिला की वर बघायचा. एक झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. मग समोरच्या टीमचेही वर बघायला लागले. मग प्रेक्षक. शेवटी रेफ्रीने मॅच थांबवली आणि छत तपासायला माणूस बोलावला!

तो शिडी घेऊन आला, वर चढला, खाली उतरला. "काही गळत नाही," म्हणाला.

वामनराव मला हळूच म्हणाले, "स्कोअर बघा म्हणावं. आम्हीच गळतोय."

*

वामनराव म्हणजे आमचे गार्ड, बॉल पुढे घेऊन जाणारे. बँकेतून निवृत्त, मूळचे मालवणकडचे, आता विरारला चंदनसारमध्ये फ्लॅट. वाऱ्याची सवय मोडायची, असं आम्ही जिद्दीने ठरवलं तेव्हा त्यांनीच ओळखीतून तिथलाच एक लग्नाचा हॉल मिळवला. चाकांवरची रिंग स्टेजसमोर ठेवायची आणि लग्न नसेल तेव्हा खेळायचं. बस्त्याव तर पंखेही लावू द्यायचा नाही.

"वारा नको म्हंजे नको! घाम येऊ दे!"

एकदा आमच्या तारखेत घोळ झाला. आम्ही हाफपँटमध्ये घामाघूम, आणि दारातून वऱ्हाड आत! पुढे फेटा बांधलेले मामा. त्यांनी आम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आपण कोण?"

"आमी इंडिया टीम," बस्त्याव छाती काढून म्हणाला.

मामांनी क्षणभर विचार केला. "असू द्या. पण मुलीकडची की मुलाकडची?"

*

मागच्या दौऱ्याआधी डॉक्टरांनी बस्त्यावला बजावलं, की या दौऱ्यानंतर पळालास तर चालताही येणार नाही. म्हणजे ही शेवटची संधी. आमची ही मला बॅग भरताना म्हणाली, "तुम्ही बाकावर बसा, पण निदान तिथे तरी काळजी करू नका." मी पासपोर्ट पुन्हा एकदा तपासला.

सगळ्या मॅच हरत आम्ही शेवटच्या मॅचला आलो. आणि त्या दिवशी पावसाने हॉलचं छत खरंच गळायला लागलं! फरशी ओली. पाऊस थांबल्यावर आयोजकांनी मॅच बाहेर हलवली, समुद्राच्या कडेच्या उघड्या कोर्टवर.

बस्त्याव कोर्टवर आला, नाक वर केलं, आणि हसला. "सर, खारा वारा!"

समोरच्यांचे शॉट पार कुठल्या कुठे जायला लागले. पण आमचंही अवघड झालं, कारण वसईची सवय आम्ही चंदनसारला घाम गाळून मोडली होती! कोणी सरळ मारी, कोणी समुद्राकडे. तरी लढत लढत शेवटच्या क्षणी स्कोअर बरोबरीत आला. तेवढ्यात वामनरावांच्या पोटरीत गोळा आला. बाकावर मी एकटाच उरलो होतो.

मी आत गेलो, हातात बॉल आला, आणि समोरचा माणूस येऊन माझ्यावर आदळला. दोन फ्री थ्रो!

पहिला मी विचार करून मारला. वाऱ्याचा वेग, कोन, बॉलचं वजन. रिंगला लागून बाहेर.

बस्त्याव लंगडत माझ्याजवळ आला. "सर, डोकं बाकड्यावर ठेवून या. हात तेवढा आना."

मी वर बघितलं. माड नव्हते. सगळ्या देशांचे झेंडे एका रांगेत होते, आणि टोकाला आपला, जोरात फडफडत. मी रिंग सोडली आणि समुद्राकडे नेम धरला. प्रेक्षकांतून कोणीतरी हसलंसुद्धा.

बॉल गेला, वळला, आणि जाळीतून खाली आला.

मॅच संपल्याची शिटी झाली तेव्हा बस्त्याव कोर्टवर फतकल मारून बसला होता. डोळे पुसत त्याने वामनरावांना जवळ बोलावलं.

"वामन, डॉक्टरला फोन लाव. बोल, उजवा गुडघा घे." मग त्याने डाव्यावर हात ठेवला. "ह्याला पुढच्या दौऱ्याला फायनल खेलायचीय!"