बॅटरी उतरू देऊ नका

दादाचं कौतुक मला सांगू नका. मी त्याचा चुलतभाऊ, शेजारी आणि त्याच्या पामटॉपच्या खुळातला एकुलता एक चेला. त्याच्यावर चिडायचा हक्क माझ्याइतका फक्त वहिनीला.

जन्म त्यानं बोटीवर काढला, रेडिओ ऑफिसर म्हणून. निवृत्त होऊन मिऱ्याला घरी आला तो खिशात पामटॉप घेऊनच. पत्त्यांच्या कॅटाएवढं यंत्र, काडीनं टोचायचं, खाली चार बटणं. ते बनवणाऱ्या कंपनीनं कधीच हात वर केले होते. लोकांनी ती यंत्रं भंगारात घातली आणि दादानं भंगारातून उचलून आणली. जगभर असे आणखी खुळे होते, ही आणखी कमाल! पोलंडमधला एकजण त्यासाठी नवं कॅलेंडर लिहायचा, ब्राझिलातले एक मास्तर नकाशे करायचे, सगळं फुकट. दादानं एकेक ठिपका मांडून मराठी अक्षरं बसवली आणि रत्नागिरीच्या भरती-ओहोटीचा प्रोग्रॅम लिहिला. बंदरावरच्या एकाही माणसानं तो वापरला नाही.

"मोबाईलवर सगळं मिळतं की हो," वहिनी म्हणायची.

"मोबाईल कंपनीचं ऐकतो. हा माझं ऐकतो," दादा म्हणायचा. त्यावर वहिनी माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "ऐका भावोजी. घरात ह्यांचं ऐकणारं कोणीतरी आहे एकदाचं."

त्या यंत्राची एक मोठी खोड होती. बॅटरी पार उतरली की आतलं सगळं पुसून जायचं. लिहिलेलं, घातलेले प्रोग्रॅम, सगळं. परत चार्ज केलं की नुकतं खोक्यातून काढल्यासारखं कोरं. त्यात बॅटऱ्या आम्ही मेलेल्या मोबाईलमधल्या काढून डाख देऊन जोडलेल्या, त्यांचा काय भरवसा? म्हणून दादाचा घरात एकच कायदा होता: काही झालं तरी बॅटरी उतरू द्यायची नाही. पाहुणे आले तरी पंख्याची वायर काढून तो पामटॉप लावायचा.

मग त्याला अर्धांगवायू झाला. वाचा गेली, उजवं अंग गेलं, घास गिळता येईना म्हणून नाकातून नळी. डावंही दुबळं, त्या हाताचा अंगठा तेवढा हलायचा. डोकं मात्र लख्ख, हीच खरी शिक्षा. कुवेतहून मुलानं मोठा झकपक टॅबलेट पाठवला. थरथरता अंगठा काचेवर टेकला की एकदम तीन अक्षरं उमटायची, नाहीतर एकही नाही. दादाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. मला बघवेना.

पामटॉपला खरी बटणं होती, दाबली की कळणारी. मी मिरजोळ्याच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो, प्रोग्रॅम लिहिणं माझं काम नव्हे. पण दादानं शिकवलेलं थोडं होतं आणि अडलं तिथे पोलंडवाला धावून आला. पडद्यावर एकेक अक्षर आपोआप सरकत जाणार, हवं ते आलं की बटण दाबायचं, बस्स. जुन्या चादरीच्या पट्टीनं मी यंत्र दादाच्या हाताला बांधलं. वहिनी उशाशी बसली. अक्षर अक्षर जमत गेलं. कित्येक आठवड्यांनी दादा पहिलं वाक्य बोलला:

"वेग कमी कर."

मी मोठ्यांदा हसलो. वहिनीही हसली. मग उठून आत चुलीकडे गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढे रोज तेच. "ळ फार मागे आहे." "मागे जायला बटण दे." "अक्षर मोठं कर." माझ्या प्रत्येक फेरीला नवी तक्रार तयार, आणि मीही सुधारून आणत होतो. एके दिवशी वहिनीनं मला पडवीत गाठलं.

"भावोजी, सगळा संसार मी बोटीवरून येणाऱ्या दोन ओळींवर केला. कधी तक्रार केली? आता माणूस घरात आहे, तर एक वाक्य माझ्या वाट्याला नको? काय मोठं नको हो. 'जेवलीस का' एवढं विचारलं तरी पुरे."

मी तडक आत जाऊन दादावर ओरडलो. "अरे मेल्या, बायकोशी बोल की दोन शब्द! तुझा ळ गेला खड्ड्यात!" त्यानं डोळे मिटून घेतले. लाजला असेल. एकेक अक्षर सगळ्यांच्या नजरेसमोर जुळवत बायकोशी बोलायचं म्हणजे त्याच्यासारख्या माणसाला जिवावरचंच.

श्रावणात वादळ आलं. झाडं तारांवर पडली आणि मिऱ्याची लाईट गेली. मी कामाला पालीला गेलेलो, रस्त्यात झाड आडवं, तिकडेच अडकलो. इकडे घरात वहिनी एकटी. एका हातानं वारा घालायचा, दुसऱ्या हातानं नळीत पेज सोडायची, डोळ्याला डोळा नाही. आणि दादा लिहीत होता, "बॅटरी." तिनं वाचलं, "लाईट नाही" म्हणून सांगितलं. त्यानं परत लिहिलं, "बॅटरी." परत. परत. वहिनीचा बांध फुटला.

"बॅटरी, बॅटरी! मी काय पोटातून काढून देऊ बॅटरी? मी माणूस बसलेय इथे, ती दिसत नाही तुम्हाला!"

तिनं पट्टी सोडली आणि यंत्र कपाटात ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा लाईट आलेली. पामटॉप पार कोरा झाला होता. चार्जरला लावून मी माझा प्रोग्रॅम, मेमरी कार्डावर प्रत ठेवली होती तिच्यावरून, परत घातला, किती वेळ लागतो त्याला? यंत्र हाताला बांधलं. अक्षरं सरकायला लागली. अंगठा हलला नाही. डॉक्टर येऊन म्हणाले, पहाटे दुसरा झटका येऊन गेलाय.

त्यानंतर तो काही आठवडे जगला. अक्षरं समोरून जायची, दादाचे डोळे त्यांच्यामागून जायचे. मी म्हटलं, बंद करू या, हाल आहेत नुसते. वहिनीनं बंद करू दिलं नाही.

तेराव्यानंतर मुलगा परत गेला तेव्हा तिनं मला विचारलं, "भावोजी, मला वाटलं, ह्यांचं आपलं यंत्राचंच चाललंय. पण बोलायचं असेल म्हणूनच बॅटरी मागत असतील ना हो?"

नाही म्हणून तिच्या मनाची टोचणी घालवता आली असती. पण ह्या बाईला मी आजवर खोटं सांगितलेलं नाही. मी म्हटलं, "असेल, वहिनी."

परवा दुपारी तिच्याकडे गेलो. ती जेवायला बसली होती. ताटाशेजारी पामटॉप, वायर भिंतीच्या प्लगात. बटण कुठलं दाबायचं ते तिला कोणी शिकवलं नव्हतं, बघून बघून आलं असेल. पडद्यावर अक्षरं सरकत होती आणि वरच्या ओळीत तिनं लिहिलेलं होतं, "जेवलात का".

"बसा भावोजी," ती म्हणाली आणि मला ताट वाढायला उठली.