साम्ब्राणीचा धूर आणि मामांचा दम

मला एका जागी स्वस्थ बसता येत नाही, हे सासऱ्यांना लग्नानंतर लवकरच कळलं. पण त्याचा त्रास त्यांच्या फुप्फुसांना होईल, असं काही त्यांना तेव्हा वाटलं नसावं.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. तंजावूरच्या एका कॉलेजात मी पदार्थविज्ञानाचा डेमॉन्स्ट्रेटर होतो आणि राजवाड्यामागच्या गल्लीत सासऱ्यांच्याच घराच्या मागच्या भागात आमचं बिऱ्हाड होतं. घरजावई म्हणू नका, चूल वेगळी होती. मधली भिंत तेवढी एकच, आणि तिच्यातून मामांचा खोकला ऐकू येई. सासऱ्यांना मी मामा म्हणत असे.

मामा कीर्तनकार. रामनवमीला गल्लीतल्या मठात त्यांचं कीर्तन ठरलेलं. पदं मराठीत, अर्थ तमिळमध्ये, कारण ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांचं मराठी स्वयंपाकघराबाहेर पडलेलं नव्हतं. त्या वर्षी मार्गळी महिन्याच्या, ऐन डिसेंबरातल्या थंडीत पहाटेची भजनं करून त्यांना सर्दी झाली. सर्दी गेली, खोकला राहिला. मठाची मंडळी येऊन फार आदरानं विचारून गेली, "यंदा विश्रांती घेता का? कुंभकोणमहून कुणाला तरी बोलावू." मामा त्या दिवशी जेवले नाहीत.

भिंतीपलीकडे खोकला सुरू झाला की मी अलीकडे फेऱ्या मारू लागे. बायको म्हणे, "खोकतात आप्पा आणि चालता तुम्ही! बसा की जरा."

बसणार कसा? मला गुन्हेगार सापडला होता. मामा पोडी ओढत, म्हणजे तपकीर. एकदा ओसरीवर त्यांनी चिमूट नाकाशी नेली आणि उन्हाच्या तिरिपेत तांबूस कण भिरभिरताना मी पाहिले. झालं.

"मामा, पोडी बंद. हेच सगळं छातीत जाऊन बसतंय."

"मापिळ्ळै, मी नाकात घालतो ती, छातीत नाही." जावयाला तमिळमधून हाक मारली, की ते चिडलेत असं समजायचं.

"पण नाक शेवटी कुठं जातं?"

"तुमचं? दुसऱ्याच्या घरात."

तरी त्यांनी डबी सासूबाईंकडे दिली. कीर्तन जाईल या भीतीनं त्यांनी माझंही ऐकलं असतं, आणि ऐकलंच. मग मी पुढचा उपाय काढला. आमच्याकडे बाळाला न्हाऊ घातलं की साम्ब्राणीचा, म्हणजे उदाचा, धूर देतात. बाळाच्या छातीला चालतो, तर आजोबांच्या का नाही? रोज सकाळी खिडक्या लावायच्या, निखाऱ्यावर साम्ब्राणी टाकायची आणि मामांनी समोर बसायचं. "हळू घ्या, खोल घ्या, आणि आत धरून ठेवा. सगळीकडे पोचू दे." कीर्तनकाराचा दम तो, असा धरून ठेवत की मलाच घुसमटायला होई.

खोकला वाढला. मी साम्ब्राणी वाढवली.

मग एका सकाळी प्रयोगशाळेत धुराचा प्रयोग लावला होता. काचेच्या इवल्या डबीत धूर कोंडायचा, बाजूनं उजेड सोडायचा आणि वरून सूक्ष्मदर्शकातून बघायचं. फळा पुसून मी डोळा लावला. फळ्यावरची खडूची भुकटी तोवर माझ्या चपलांवर पडूनही गेली होती. डबीतले धुराचे कण मात्र चकाकत, धक्के खात नुसते नाचत होते. खाली बसायचं नावच नाही. हा प्रयोग मी पोरांना दर वर्षी दाखवत आलो होतो. पाहिला त्या दिवशी.

तपकीर म्हणजे खडूच्या जातीची. जड कण, नाकाच्या वळणावर हवा वळते, हे वळत नाहीत, ओल्या भिंतीला चिकटतात आणि शिंकेबरोबर बाहेर. त्याहून बारीक असतील ते श्वासनळीत उतरतात, तिथल्या चिकट्यात अडकतात आणि हळूहळू वर ढकलले जातात. धूर मात्र हवेबरोबर प्रत्येक वळण घेतो आणि थेट फुप्फुसाच्या तळाच्या हवेच्या फुग्यांपर्यंत जातो. साध्या श्वासात त्यातला बराच आल्या वाटेनं परततो. पण श्वास आत धरला, तर नाचता नाचता भिंतीला टेकायला त्याला सवड मिळते. आणि धरून ठेवा म्हणून कोण सांगत होतं?

पोरांना "बघत राहा" म्हणालो आणि सायकल काढली.

घरी पोचलो तेव्हा मामा धुरात डोळे मिटून, दम धरून बसलेले. मी खिडक्या उघडल्या आणि घाईघाईत निखाऱ्यांवर कळशीभर पाणी ओतलं. राखेचा लोट आढ्यापर्यंत गेला.

"हा कुठला नवा उपाय?" लोटातून आवाज आला.

ओसरीवर नेऊन मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे पोडी दारातच अडते, आणि तुमचं औषध माजघरात जाऊन बसतं."

"हो."

"जावयासारखं."

मी हसलो. ते हसले नाहीत. "निघेल का ते? रामनवमीच्या आत?"

आत कसं जातं ते मला तोंडपाठ होतं. बाहेर यायला किती वेळ लागतो, ते ठाऊक नव्हतं. "माहीत नाही, मामा," मी म्हणालो. त्या घरात हे वाक्य माझ्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं; आतून सासूबाई बघायला बाहेर आल्या.

त्यानंतर धूर बंद. सासूबाई चूल पेटवायच्या आधी मामांना ओसरीवर पिटाळत. खोकला कमी झाला, पण दम पूर्वीसारखा भरेना. मठवाल्यांना मामांनी निरोप धाडला, "कीर्तन मीच करतो."

रामनवमीला त्यांनी पेटीवाल्याला पट्टी उतरवायला सांगितली. लांब पदं ते तोडून म्हणत आणि मधल्या जागी तमिळमध्ये असा अर्थ रंगवत की लोकांना तो विसावा वाटू नये. मी खांबाआड उभा राहून त्यांच्या छातीकडे बघत होतो. रामजन्म झाला, फुलं पडली. पाळणा ते नेहमी एकटे म्हणत. त्या दिवशी त्यांनी बायकांकडे हात केला. बायकांनी सूर उचलला. शेवटची ओळ तेवढी मामांनी स्वतः घेतली, खालच्या सुरात, आणि न खोकता समेवर आणून ठेवली.

शेजारचा म्हातारा पुटपुटला, "आवाज उतरलाय हो यंदा."

"त्याचं असं आहे," मी सुरुवात केली, "हवेतले कण जेव्हा..."

बायकोनं प्रसादाच्या गुळाच्या पानकाचा पेला माझ्या तोंडाला लावला. "प्या," ती म्हणाली.