न मळायची कणीक

पुण्यात सुधाताईंनी बावीस वर्षं लोकांच्या घरी पोळ्या केल्या. सकाळी सहाला पहिलं घर, दुपारी एकला पाचवं. नवरा गेला तेव्हा अनिमेष सातवीत होता. तो या पोळ्यांवरच शिकला, इंजिनियर झाला, डॉक्टरेटसाठी जर्मनीत कायझर्सलाउटर्नला गेला आणि तिथलाच झाला. एवढ्या वर्षांत सुधाताईंच्या कणकेला कुणी नाव ठेवलं नव्हतं. दात काढलेले एक आजोबा तर महिनाभर फक्त त्यांचीच पोळी मागून घेत.

यंदा सप्टेंबरात त्या तीन महिन्यांसाठी मुलाकडे आल्या. अनिमेष आणि सून क्षितिजा सकाळी आठला घराबाहेर पडत. केर काढायला यंत्र, भांडी घासायला यंत्र. सुधाताई खिडकीशी बसून राहत. खाली अंगणात सफरचंदाचं झाड होतं, त्याखाली फळांचा सडा पडलेला, आणि उचलणारं कुणी नाही. त्यांना ते बघवेना. एका दुपारी पिशवी घेऊन त्या खाली उतरल्या आणि गवतातली सफरचंदं वेचू लागल्या.

पिशवी अर्धी भरली तोच तळमजल्याचं दार उघडलं. पंचाहत्तरीची, उंच, पांढऱ्या केसांची बाई बाहेर आली. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. सुधाताई चोरी पकडल्यासारख्या ओशाळल्या आणि त्यांनी पिशवी सरळ तिच्यापुढे धरली. बाई हसली. "गूट, गूट," म्हणाली आणि डाव्या हातानं त्यांना घरात बोलावू लागली.

शनिवारी क्षितिजा बरोबर गेली तेव्हा सगळा उलगडा झाला. बाईंचं नाव हेल्गा कोल्ब; सगळे त्यांना फ्राऊ कोल्ब, म्हणजे कोल्बबाई, म्हणत. त्यांच्या पणजोबांचे भाऊ इथूनच अमेरिकेला गेले होते. त्यांचा वंश तिथं अजून आमिश लोकांमध्ये आहे. मोटारी वापरत नाहीत, घोडागाडीनं फिरतात, साधे कपडे घालतात. तरुणपणी फ्राऊ कोल्ब वर्षभर त्यांच्याकडे राहिल्या आणि येताना सफरचंदाचा 'पाय', म्हणजे मैद्याच्या पारीत फोडी भरून भट्टीत भाजायचा गोड पदार्थ, शिकून आल्या. दर ऑक्टोबरात तो करायचा आणि धाकट्या बहिणीला, इर्मगार्डला, खिलवायचा. इर्मगार्ड आता वृद्धाश्रमात होती, माणसं ओळखत नव्हती. आणि यंदा हा हात मोडलेला.

"आई, त्या विचारतायत, तुम्ही लाटून द्याल का?" क्षितिजा म्हणाली.

"अगं, विचारायचं काय त्यात! परात कुठाय?"

फ्राऊ कोल्बनी डुकराच्या चरबीचा डबा काढला. क्षितिजा हळूच काहीतरी बोलली. त्यांनी डबा लगेच आत ठेवला आणि फ्रिजमधून लोणी आणलं. सुधाताईंनी बाह्या सरसावल्या. मैद्यात लोणी घातलं, पाणी घातलं आणि बावीस वर्षांच्या सवयीनं कणीक अशी मळली, अशी मळली की गोळा रेशमासारखा झाला. फ्राऊ कोल्ब "नाइन, नाइन", म्हणजे नको, नको, म्हणत होत्या. सुधाताईंना वाटलं, पाहुणीला कष्ट नकोत म्हणून म्हणतायत.

पाय भट्टीतून निघाला तो दिसायला देखणा. सुरी मात्र खालच्या पारीतून जाईना. फ्राऊ कोल्बनी एक घास बराच वेळ चावला. मग म्हणाल्या, "हार्ट."

"काय म्हणाल्या गं?"

"कडक झालाय म्हणाल्या, आई."

सुधाताई वर येऊन मोरीत हात धूत राहिल्या. रात्री जेवल्याही नाहीत नीट. अनिमेष म्हणाला, "आई, ही माणसं तोंडावर बोलतात. मनात काही नसतं त्यांच्या."

"ते नाही रे," सुधाताई म्हणाल्या. "खरंच कडक झाला होता."

मंगळवारी त्या एकट्याच खाली गेल्या. भाषा नाही, मध्ये कुणी नाही. दार उघडताच त्यांनी आपले दोन्ही हात पुढे केले, जणू शिकवा म्हणून. फ्राऊ कोल्बनी लोण्याचे थंडगार तुकडे मैद्यात टाकले आणि डाव्या हाताची बोटं चोळून दाखवली. नुसत्या टोकांनी चुरायचं. मग बर्फाचं पाणी, चमचा-चमचा. पीठ जेमतेम गोळा झालं आणि सुधाताईंचे तळवे आपोआप रेटा द्यायला पुढे झाले. फ्राऊ कोल्बनी त्यांचं मनगट धरलं. "श्टॉप."

सुधाताई थांबल्या. गोळा भेगाळलेला, खडबडीत, अंगभर लोण्याचे ठिपके. असली कणीक पुण्यात ताटाखाली लपवली असती. पण लाटणं फिरलं तशी ती मुकाट पसरली. आत आंबट सफरचंदाच्या फोडी, साखर, सायीची वाटी आणि त्सिम्ट, म्हणजे दालचिनी. वर मैदा-साखर-लोण्याचा भुगा. तासाभरानं सुरी टेकवली मात्र, पारी खुसखुशीत तुटली. फ्राऊ कोल्बनी एका हातानंच त्यांना मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी दोघी बसनं वृद्धाश्रमात गेल्या. डबा सुधाताईंच्या मांडीवर. इर्मगार्ड खिडकीशी चाकाच्या खुर्चीत होती, नजर कुठेच नाही. फ्राऊ कोल्बनी तिला भरवलं. तिनं एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, कपाळाला आठी घातली आणि स्पष्ट म्हणाली, "त्सिम्ट कमी आहे."

तेवढं जर्मन सुधाताईंना आता कळत होतं. त्या डबा मागे घेऊ लागल्या. तोवर फ्राऊ कोल्ब रडायलाच लागल्या. रडता रडता हसत होत्या. सुधाताई कावऱ्याबावऱ्या झालेल्या पाहून त्यांनी क्षितिजाच्या ऑफिसात फोन लावला, काहीतरी भराभर सांगितलं आणि फोन सुधाताईंच्या कानाला लावला.

"आई, तुमचं काही चुकलं नाही," क्षितिजा सांगू लागली. "चाळीस वर्षं इर्मगार्ड दर पायला हेच म्हणायच्या. ईस्टरपासून त्यांनी एक वाक्य बोललेलं नव्हतं. आज बोलल्या."

सुधाताईंनी फोन खाली ठेवला. मग खुर्ची ओढून इर्मगार्डसमोर बसल्या आणि मराठीत म्हणाल्या, "बाई गं, पुढच्या बुधवारी जास्त घालते हं."

इर्मगार्ड परत त्या वर्षी बोलली नाही. पण दर बुधवारी पूर्ण तुकडा खायची आणि खाऊन झाल्यावर हात रुमालाला न पुसता सुधाताईंच्या हातात द्यायची. नोव्हेंबरात फ्राऊ कोल्बचं प्लास्टर निघालं. तरी लाटणं त्यांनी परत घेतलं नाही. ओट्याशी बसून त्या सफरचंदं सोलत, आणि दोघी आपापल्या भाषेत तासन्‌तास बोलत. कोण काय म्हणतंय ते दोघींना पुरेसं कळे.

जाण्याच्या आदल्या दिवशी सुधाताई अनिमेषला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी ऑगस्टातलंच तिकीट काढ. झाडावरून फळं उतरवायला हवीत. खाली पडली की डागाळतात."