टेकडीवर पेरलेलं सोनं

नोकरीतल्या एखाद्या केसबद्दल सांगा असं कोणी म्हटलं की लोकांना खून-दरोड्याची अपेक्षा असते. तशीही प्रकरणं मी हाताळली. पण मला सगळ्यात आधी आठवतं ते असं प्रकरण, ज्यात शेवटी अटक कोणालाच झाली नाही आणि आमचे शेरीफ माझा अहवाल ऐकताना खुर्चीत मागे रेलून डोळे पुसत हसत राहिले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा कॅलिफोर्नियात, सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेल्या एका छोट्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शेरीफ ऑफिसात डिटेक्टिव्ह होतो. शेरीफ म्हणजे तिथला पोलीसप्रमुख. साताऱ्याहून शिकायला आलो होतो. शिक्षण अर्ध्यात सुटलं, लग्न झालं, नागरिकत्व मिळालं आणि डेप्युटीच्या, म्हणजे शेरीफच्या हाताखालच्या पोलिसांच्या, भरतीला उभा राहिलो. सॅक्रामेंटोच्या मराठी मंडळींत त्या काळी सगळे डॉक्टर, नाहीतर इंजिनियर. तिथे "तुम्ही काय करता?" या प्रश्नाला "पोलिसात आहे" असं उत्तर दिलं की विषय बदलायचा. मग जेवणाच्या रांगेत हळूच कोणीतरी जवळ येऊन जोरात गाडी चालवल्याबद्दल मिळालेल्या दंडाच्या तिकिटाचं काही करता येईल का, हे विचारून जाई.

आमचा सगळा भाग जुन्या सोन्याच्या खाणींचा. खाणी केव्हाच बंद पडलेल्या. उरले होते लाल मातीच्या टेकड्यांवर उपसलेल्या दगडांचे ढिगारे आणि फळ्या ठोकून बंद केलेली भुयारांची तोंडं. पण त्या वर्षांत सोन्याचा भाव चढला आणि मेटल डिटेक्टर कोणालाही परवडू लागले. शनिवार-रविवार आला की शहरातली माणसं कानाला हेडफोन लावून, लांब दांड्याची ती थाळी जमिनीवरून फिरवत टेकड्यांवर हिंडायची. सापडायचे ते गंजके खिळे, बंदुकीच्या जुन्या गोळ्या आणि बिअरच्या कॅनच्या कड्या. आमच्याकडे तक्रारी यायच्या त्या कुंपण ओलांडल्याच्या आणि खड्डे न बुजवल्याच्या.

एका सोमवारी सकाळी मला सॅक्रामेंटोच्या एका डॉक्टरांचा फोन आला. गणपतीच्या कार्यक्रमात आमची ओळख झाली होती.

"अरे, तुझ्या एरियात एक फ्रॉड चाललाय असं मला वाटतं," ते म्हणाले. "आणि आपलाच माणूस त्यात फसतोय, यार."

डॉक्टरांचे एक मित्र आमच्या काउंटीत राहत होते. मी त्यांना इथे काका म्हणतो. काका मेकॅनिकल इंजिनियर. कंपनीने कपातीत त्यांना घरी बसवलं होतं. काकू हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायच्या. त्यांना आमच्या गावच्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली म्हणून दोघं शहर सोडून इथे आले होते. काकांना एका जुन्या खाणीच्या टेकडीवर डिटेक्टरने सोनं सापडायला लागलं होतं. एकदा-दोनदा नव्हे, सारखं. आता त्यांनी ती टेकडीच विकत घ्यायचं ठरवलं होतं. आपली पुंजी त्यात घालणार होतेच, शिवाय डॉक्टर आणि आणखी दोन मित्रांनाही त्यांनी भागीदार केलं होतं. येत्या शुक्रवारी सह्या होणार होत्या.

"मी हो म्हणून बसलोय," डॉक्टर म्हणाले. "पण इतकी वर्षं हजारो लोकांनी खणलेली जागा, आणि सोनं सापडतं ते फक्त ह्यालाच? मित्र आहे म्हणून मला तोंडावर विचारता येईना."

डॉक्टरांचा संशय रास्त होता. खाणींच्या मुलखात ही फसवणूक फार जुनी आहे. निकामी जमीन विकायची असली की मालक आधी तिच्यात थोडं सोनं पेरून ठेवतो, गिऱ्हाइकाला ते 'सापडतं' आणि तो खिसा मोकळा करतो. आमच्याकडे अशा तक्रारी अधूनमधून यायच्या. फायदा जमीनमालकाचा, म्हणून पहिला संशयित जमीनमालक. मी शेरीफना सांगून चौकशी सुरू केली.

त्याच दुपारी काकांकडे गेलो. खबर कोणी दिली ते सांगितलं नाही. जमिनीचे व्यवहार हल्ली आम्ही तपासून घेतो, एवढंच म्हणालो. काकांना त्याचं काहीच वाटलं नाही, उलट ऐकायला माणूस मिळाल्याचा आनंद झाला. त्यांनी कॅमेऱ्याच्या रोलची एक प्लॅस्टिकची डबी आणली आणि टेबलावर उपडी केली. चण्याच्या डाळीएवढे, वाटाण्याएवढे पिवळे खडे. एक तर हुबेहूब काजूच्या आकाराचा.

"हे बघ, कडा कशा गुळगुळीत आहेत," ते म्हणाले. "खाणीतलं सोनं दगडाला चिकटलेलं असतं, खरबरीत. हे पाण्यात घासलं गेलंय. म्हणजे काय? या टेकडीवरून कधी काळी नदी वाहत होती. लाखो वर्षांपूर्वी. खाणवाल्यांना ते कळलंच नाही."

मग त्यांनी नकाशा पसरला. ती नदी कुठून आली, कुठे वळली, सगळं पेन्सिलीने आखलेलं. भुवया उंचावून, हातवारे करून ते बोलत होते. काकू पोह्यांची बशी घेऊन आल्या आणि बसल्या नाहीत, दाराशी उभ्या राहून ऐकत राहिल्या.

"ह्यांना काही प्रॉब्लेम नाही ना येणार?" त्यांनी विचारलं.

"नाही, नुसतं रूटीन आहे," मी म्हणालो.

मी निघताना त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर मिळालेला प्रश्न माणूस पुन्हा विचारतो, तेव्हा पोलिसाने लक्षात ठेवायचं असतं. मी लक्षात ठेवलं, पण अर्थ चुकीचा लावला. मला वाटलं, आयुष्यभराची पुंजी जातेय म्हणून बाई घाबरल्या आहेत. काजूच्या आकाराचा तो खडा तपासणीसाठी ताब्यात घेतला, पावती दिली आणि निघालो.

जमीनमालक टेकडीच्या पायथ्याशी एका ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, एकटाच राहायचा. सत्तरीचा, दाढी वाढलेला, बोलायला तुसडा. मी बिल्ला दाखवला तशी त्याने कॉफीचं भांडं शेगडीवर ठेवलं आणि म्हणाला, "त्या इंजिनियरबद्दल आलास ना? बरं झालं. समजाव त्याला."

"काय समजावू?"

"तिथे सोनं नाही. होतं ते माझ्या आजोबाने काढलं आणि उडवलं. मी हे त्याला शंभरदा सांगितलंय. मी नाही म्हटलं की तो हसतो. त्याला वाटतं, मी मुद्दाम लपवतोय. मी नाही म्हणतो तसा तो किंमत वाढवतो."

आजवर फसवणुकीच्या केसमध्ये आपला माल वाईट आहे असं शपथेवर सांगणारा विक्रेता मला भेटला नव्हता.

"मग विकतोस कशाला?" मी विचारलं.

"मी किती वेळा नाही म्हणू? बहीण आजारी आहे ओरेगॉनमध्ये, तिच्याजवळ जाऊन राहीन म्हणतो. पण तो माणूस चांगला आहे. खड्डे बुजवतो. त्याला बुडवून मला झोप येणार नाही."

म्हातारा खोटं बोलत नव्हता. म्हणजे फायदा ज्याचा, त्याने सोनं पेरलं नव्हतं. मग कोणी?

गावात एकच दुकान होतं जिथे डिटेक्टर, कुदळी आणि पर्यटकांसाठी सोन्याचे छोटे खडे विकायचे. मंगळवारी मी दुकान उघडताच तिथे गेलो आणि काजूच्या आकाराचा खडा काउंटरवर ठेवला. दुकानदाराने तो उचलला, भिंग लावायचीही त्याला गरज पडली नाही.

"हा माझाच," तो म्हणाला. "अलास्काचा माल आहे. कितीतरी दिवस या काचेच्या कपाटात होता. याला मी विसरणार नाही. चोरीला गेला का?"

"कोणी विकत घेतला?"

तो जरा घुटमळला. गिऱ्हाइकाबद्दल सांगावं की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी काहीच न बोलता उभा राहिलो. शांत उभं राहण्याचा उपयोग दमदाटीपेक्षा जास्त होतो, हे मी भरतीनंतर लवकरच शिकलो होतो.

"हॉस्पिटलच्या पांढऱ्या कोटात येते," तो शेवटी म्हणाला. "भारतीय बाई. नेहमी छोटा खडा घेते. एकदाच मोठा घेतला, हा. म्हणाली, भेट द्यायचाय. डबी देऊ का विचारलं, तर नको म्हणाली."

मी खडा खिशात टाकला आणि गाडीत येऊन बसलो. इंजिन चालू करायला मला थोडा वेळ लागला.

काकूंना फोन केला तेव्हा त्यांनी का, कशाला, काही विचारलं नाही. दुपारी लॅबमधून सुटले की येते, म्हणाल्या. आल्या. नियमाप्रमाणे मी टेपरेकॉर्डर लावला आणि तारीख-वेळ बोलून जबाब इंग्रजीत सुरू केला, कारण शेरीफना ऐकायचा होता. स्टेशनच्या यंत्रातला चहा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी एक घोट घेतला आणि कप बाजूला सरकवला.

नाव, पत्ता, नोकरी, सगळं त्यांनी नीट इंग्रजीत सांगितलं. मग मी तो खडा टेबलावर ठेवला. त्यांनी तो पाहिला आणि इंग्रजी तिथेच संपलं.

"तुला काय सांगू, नोकरी गेल्यावर हे कसे झाले होते!" त्या म्हणाल्या. "खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे. मी सकाळी जायचे तेव्हा तिथे, संध्याकाळी यायचे तेव्हा तिथे. दाढी नाही, जेवण नाही. बोलायचेही नाहीत. मुलीने वाढदिवसाला ते मशीन पाठवलं. काही दिवस गेले टेकडीवर. रोज खिळे घेऊन यायचे. मग एक दिवस ते मशीन गराजमध्ये ठेवलं आणि पुन्हा खुर्चीत."

"म्हणून तुम्ही..."

"मी म्हटलं, एकदा जाऊन या अजून, माझ्यासाठी. आणि आदल्या दिवशी जाऊन एक खडा पुरला. अगदी बारका." त्यांनी कप पुन्हा जवळ ओढला. "त्या दिवशी घरी आले ना, तर दारातूनच हाक मारली मला. कितीतरी महिन्यांनी. मग कशी थांबणार मी, तूच सांग."

टेप फिरतेय ना, ते मी पाहिलं.

"जमीन घेतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मला वाटलं, थोडं हिंडतील, तरतरीत होतील, मग हळूहळू बंद करू. पण हे तर थेट नदीच शोधून बसले. आता सांगितलं तर पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसतील. नाही सांगितलं तर चार घरं बुडतील. अरे, मला जेलमध्ये टाकतोस का? ते सोपं जाईल मला."

फसवणुकीच्या गुन्ह्याला लबाडीने मिळवलेला लाभ लागतो. काकूंनी मिळवलं होतं ते एवढंच की नवऱ्याने दारातून हाक मारली. गुन्हा काही होत नाही, असं मी त्यांना सांगितलं. पण शुक्रवारच्या आत काकांना कळलं पाहिजे, आणि ते पोलिसाकडून कळणं बरं नव्हे.

"मीच सांगते," त्या म्हणाल्या. "पण तू चल."

आम्ही तसेच माझ्या गाडीतून टेकडीवर गेलो. उन्हं उतरायला लागली होती. म्हातारा ट्रेलरच्या पायरीवर बसला होता, त्याने वर बोट दाखवलं. चढ बराच उभा होता. काकू दोन्ही हातांनी झुडपं धरत, मधेमधे थांबत चढल्या. मी हात पुढे केला तर नको म्हणाल्या.

काका हेडफोन लावून उभे होते. आमच्या हाका त्यांना ऐकू येईनात. काकूंनी जवळ जाऊन त्यांच्या एका कानावरचा हेडफोन उचलला.

"अहो, हे सोनं मी पुरलंय."

"कुठलं?"

"सगळंच."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी डिटेक्टर हळूच जमिनीवर आडवा ठेवला.

"तो ओकच्या झाडाच्या मुळाशी होता, तोही?"

"तोही."

"तो केवढा खोल होता."

"खुरपं घेऊन आले होते. नंतर हात दुखत होते."

काका दगडावर बसले. बराच वेळ ते त्या सगळ्या उतारावर नजर फिरवत होते. आपली नदी बघत असावेत. मला खरंच धास्ती वाटली. काकूंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. मग काकांनी वर पाहिलं.

"तू हा चढ चढून यायचीस? त्या गुडघ्यांनी?"

काकांनी दगडावर सरकून जागा केली, त्या बसल्या. थोड्या वेळाने काकांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. पण ते हसत होते.

"गुळगुळीत कडा," ते म्हणाले. "दोन युनिव्हर्सिटींच्या जिऑलॉजिस्टना पत्रं लिहिली मी. दुकानातल्या मालावर."

खाली आलो तेव्हा काकांनी म्हाताऱ्याला स्वतःच सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला. "मी तुला शंभरदा सांगितलं होतं," एवढं म्हणून तो कॉफी करायला आत गेला. त्याच संध्याकाळी काकांनी तिन्ही मित्रांना फोन केले. काकू शेजारी बसून होत्या, असं मला नंतर डॉक्टरांकडून कळलं. आपण मूर्ख ठरलो हे काकांनी स्वतःच सांगितलं आणि बायकोचं नाव मात्र त्यांनी इतक्या कौतुकाने घेतलं की फोन ठेवल्यावर डॉक्टरांनी ती हकिगत आपल्या बायकोला दोनदा सांगितली.

इकडे शेरीफनी टेप लावली, तर मुख्य जबाब मराठीत. मला शेजारी बसून भाषांतर करावं लागलं. डोळे पुसून झाल्यावर ते म्हणाले, "केस बंद कर. आणि आज घरी जाताना बायकोला फुलं घेऊन जा. मीही नेतो."

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. तपासात आम्ही आधी विचारतो, यात फायदा कोणाचा. तो प्रश्न बरोबरच आहे, पुढेही मी तो विचारत आलो. पण खोटं बोलणारा प्रत्येक माणूस स्वतःसाठीच बोलत असतो, हे गृहीत धरणं मी सोडून दिलं. समोरचा काही लपवतोय असं दिसलं की मी स्वतःला विचारू लागलो, हा कोणाला सांभाळतोय? निम्म्या वेळा त्याचं उत्तर काहीच निघालं नाही. उरलेल्या निम्म्या वेळा मात्र पुढची वाट त्यातूनच सापडली, आणि काही माणसं विनाकारण कोठडीत जायची वाचली.

म्हातारा पुढे बहिणीकडे गेला, जमीन कोणीच घेतली नाही. काका काही खुर्चीत परत बसले नाहीत. गावच्या कॉलेजात ते गणित शिकवायला लागले. माझी गाडी त्या रस्त्याने गेली की रविवारी हमखास दोघं टेकडीवर दिसायची. डिटेक्टर काकूंच्या हातात असायचा आणि मागून काका कुदळ घेऊन चालायचे. एकदा गाडी थांबवून मी खालूनच विचारलं, काही सापडलं का?

"खिळे," काकूंनी वरून सांगितलं आणि त्या पुढे चालू लागल्या.